कडेचा माणूस

माझा पुतण्या अँड्र्यू जामखेडला फोटो स्टुडिओ चालवतो. त्याच्या एका पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. ‘काका, नाताळच्या घरच्या फोटोत तुम्ही कडेला उभे राहता आणि दरवर्षी अर्धेच येता. आता सगळे मावतील अशी वाइड लेन्स घेतो. पस्तीस एमएमची घेऊ की अठ्ठावीसची? तुमचं वाचन आहे, तुम्हीच सांगा.’

मी दोन पुस्तकं वाचली आणि आणखीच गोंधळलो. पस्तीसच्या लेन्समध्ये मी पुन्हा कापला जाणार, आणि अठ्ठावीसमध्ये कडेची माणसं जाड दिसतात म्हणे.

“मग दिसा की जाड,” बायको म्हणाली. “पुरते दिसाल तरी.”

 

काल उत्तर पोस्टात टाकलं : ‘लेन्स राहू दे. यंदा मी मधे उभा राहून बघतो.’