भुताचा पाढा चुकला

पडद्यावरच्या विहिरीतून भूत वर आलं तेव्हा विट्याचं अख्खं थिएटर आधी गारठलं आणि मग खो खो हसायला लागलं. डोक्यावर टोपी, हातात डस्टर. भूत हुबेहूब फडतरे सरांसारखं दिसत होतं.

खरे फडतरे सर चौथ्या रांगेत बायको सुलभाबाईंशेजारी बसले होते.

"माझं तोंड याला कुणी दिलं?" त्यांनी विचारलं.

"इथल्या खुर्च्यांना बसणाऱ्याच्या मनातली भीती कळते," सुलभाबाई हसून हसून डोळे पुसत होत्या. "ज्याला सगळ्यात जास्त लोक घाबरतात, त्याचंच भूत होतं. कालच्या खेळाला म्हणे पाल होती. आज सगळे तुमचेच विद्यार्थी आलेले दिसतात."

सरांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं शिकवलं, आणि पोरांच्या लक्षात राहिलं ते एवढंच?

भूत गुरगुरत पाढा म्हणू लागलं. तोही प्रेक्षकांच्याच आठवणीतून आलेला. "सत्तावीस साते एकशे एकोणऐंशी..."

सर ताडकन उभे राहिले. "चूक."

हसणं जागच्या जागी थांबलं. टक्कल पडलेल्या नगराध्यक्षांनी तोंडातला पॉपकॉर्न न चावताच गिळला. मग बाल्कनीतून कुणीतरी चाचरत सुरुवात केली, आणि बघता बघता सगळ्या थिएटरने सत्तावीसचा पाढा पहिल्यापासून म्हटला. एकशे एकोणनव्वदला तर छत दणाणलं.

सर खूश होऊन खाली बसले.

पडद्यावर भुताने डस्टर हळूच जमिनीवर ठेवलं आणि ते अंगठे धरून उभं राहिलं.