रोशनची शाल

भाजत्या मोहफुलांची कढई कधी उतरवायची, हे बुधरीबाई नुसत्या वासावरून सांगायची. तिच्या या नाकाच्या जोरावरच रोशनच्या कंपनीचे मोहाचे लाडू भामरागडहून नागपूरपर्यंत पोचले. मग बाहेरचा पैसा आणायचं ठरलं आणि मोह कोणता, पळस कोणता हेही न कळणारा सल्लागार पुण्याहून आला. “एका माणसावाचून अडणाऱ्या कंपनीत कोणी पैसा घालत नाही,” तो म्हणाला. रोशनने बुधरीबाईचं सगळं कसब मोबाइलवर उतरवून घेतलं, तिच्याकडूनच चार पोरी तयार करून घेतल्या आणि शाल-श्रीफळ देऊन तिला घरी बसवलं.

“मले काऊन काढून राह्यला रे, बाबू?”

“काढत नाई, बाई. तुमच्यावाचून कंपनी चालते, हे पैसेवाल्यायले दाखवा लागते.”

पैसा आला. निम्म्याहून जास्त कंपनी पैसेवाल्यांची झाली.

सहा महिन्यांनी रोशन तिच्या अंगणात येऊन बसला. मांडीवर नवीकोरी शाल होती. “ते म्हणतात, कंपनी माह्यावाचूनबी चालते.”

बुधरीबाईने शालीचा काठ चिमटीत धरून पाहिला.



“माह्या शालीपेक्षा पातळ हाय रे.”