बटणांचा फोन

पाळकसाहेबांच्या बटणांच्या जुनाट फोनची चर्चच्या मंडळीत सगळेच थट्टा करत. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असं म्हणण्यात शिंपीही मागे नसे. आज मात्र उपासना संपून सगळे पांगेपर्यंत तो बाकावर बसून राहिला, आणि मग आपला मोठा फोन त्याने त्यांच्यापुढे धरला.

"हा तुमच्याकडे ठेवा, साहेब. नको ते बघायची सवय जडलीय. प्रार्थना करतो, आमेन म्हणतो, की हात पुन्हा तिकडेच. काल पोरीने गाणं ऐकायला फोन मागितला, तर तिच्या अंगावर धावून गेलो. अजून बोलत नाही ती माझ्याशी."

पाळकसाहेबांनी हात पुढे केला आणि मध्येच मागे घेतला.

शिंप्याने फोन खाली घेतला. "किळस वाटली ना माझी?"

"नाही रे बाबा. पण माझ्याकडे नको."

"तुम्ही नाही ठेवणार तर कोण? तुमच्यासारख्याला कसली आलीय भीती?"

पाळकसाहेब दाराकडे वळले. मग म्हणाले, "घरी चल. हिच्याकडे देऊ. हिच्या कपाटाला कुलूप असतं."

"बाईंकडे?" शिंपी जागचा हलेना. "काय म्हणतील त्या?"

"काही म्हणणार नाही. माझाही मोठा फोन त्याच कपाटात आहे." त्यांचा आवाज उतरला. "तिची पाठ वळली की मी अजून किल्ली शोधतो."