मागच्या खोलीची चादर

"पुनमबाई, पार्सल हाय. गावात येऊ देऊन नाई राह्यले, नाक्यावर या," पोस्टमन केवळराम फोनवर म्हणाला, आणि पुनमनं चुलीतली लाकडं बाहेर ओढली. भात कच्चा राहिला तर राहिला.

तिची थोरली जाऊ गोकुळा सकाळीच तेलंगणातून मिरची तोडून, निम्मी वाट पायी तुडवत, त्याच नाक्यावर येऊन थांबली होती. तसा निरोप आला तेव्हा पुनम म्हणाली होती, "सैपाक आटपला का येतो." जावेसाठी न आटपणारा सैपाक पार्सलसाठी मात्र चुटकीसरशी आटपला. वाटेत हे तिच्या ध्यानात आलं. लाजही वाटली, पण पाय काही हळू झाले नाहीत.

लॉकडाऊन जरा सैल होऊन टपाल सुरू झाल्यापासून तिला हा नवा नाद लागला होता. मोठं काही नाही हो. एकदा आरसा, एकदा खिडकीचा पडदा, एकदा नखांचा रंग. दुपारी मागच्या खोलीत दार लोटून बसायचं, चिकटपट्टी नखानं हळूहळू सोडवायची, आतल्या कोऱ्या वस्तूचा वास घ्यायचा. या घरात सून म्हणून आल्यापासून दार लोटून एकटीनं बसणं तिला माहीतच नव्हतं. फक्त खोली गोकुळाची होती. तिचा नवरा, म्हणजे पुनमचे भासरे, वारले तेव्हा घरानं ती तिला दिली होती. बाहेरून येणाऱ्यांना, घरी वेगळी खोली असेल आणि घरच्यांची हरकत नसेल तरच गावात घ्यायचं, असं गावच्या सभेत ठरलं, तेव्हा पुनम उभी राहून सांगून आली होती, "आमच्या खोलीत धान भरून हाय." किती सहज खोटं बोलली बया!

नाक्यावर आडवा बांबू होता. अलीकडे पहाऱ्यावरचा लटारू पाठीला फवारणीचा पंप अडकवून उभा. पलीकडे मोहाच्या झाडाखाली गोकुळा, उन्हानं काळीठिक्कर पडलेली, मिरचीच्या पोत्याला टेकून बसलेली. तिच्यासोबत आलेल्या आणखी दोन-तीन बाया होत्या.

केवळरामनं पार्सल बांबूजवळ ठेवलं आणि सायकल वळवली. लटारूनं त्यावर औषध मारलं, उलटंपालटं करून पुन्हा मारलं, आणि पुनमकडे सरकवलं.

"लटारूभाऊ, मले बी मार ना फवारा, अन् घे आत!" गोकुळा ओरडली. झाडाखालच्या बाया खो-खो हसल्या. लटारूही हसला. पुनमला मात्र हसू येईना.

"कशी हायस वं पुनम? पोरं बरी हायेत?"

"बरी हायेत, बाई."

"मंग सांग ना याले. मागची खोली खालीच हाय. दार लावून पडून राहीन, बाहेर पाय नाई काढत. चालून चालून पायाचे तुकडे पडले वं. आजच्या रोज आपल्या घरी पाठ टेकू दे."

"तिथी धान भरून हाय म्हने," लटारू म्हणाला.

"धान? धान तं मी जायच्या आधीच मूल गावच्या मिलवर गेलं." गोकुळा पुनमकडे पाहू लागली.

"होतं थोडं. काढलं," पुनम म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच कळत नव्हतं. लटारूनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. सभेला तोही होता.

"त्याच्यात काय आलं?" गोकुळानं पार्सलकडे बोट दाखवलं. "उघड ना, आमाले बी पाहू दे."

नाही म्हणायला तोंड कुठं होतं? पुनमनं चिकटपट्टी फरकन ओढली. आतून चादर निघाली, पिवळ्या फुलांची, एका माणसाच्या पलंगापुरती. सोबत उशीची एक खोळ. मागच्या खोलीत दुपारी लवंडायला म्हणून तिनं ती मागवली होती.

"अवो माय!" गोकुळा उठून उभीच राहिली. "एका जनाची? म्हंजे मायासाठी! पाहा वं बायाहो, जाऊ असावी तं अशी. मी मेली का जितली, काई ठाव नाई, अन् इनं खोली खाली करून अंथरून मांगवून ठेवलं." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. तिनं पदर तोंडाला लावला.

धरणीनं पोटात घ्यावं तर बरं, असं पुनमला झालं. नाही बाई, तुमच्यासाठी नाही, हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच राहिले.

"हो," एवढंच ती बोलली.

लटारूनं पंप खाली ठेवला आणि बांबूचं टोक उचललं. "घरच्याइची ना नाई, तं मी कोन अडवनारा? घ्या पोतं, चला."

पुनमच्या डोळ्यांपुढे ती खोली उभी राहिली. पडदा, आरसा, खिडकीत मांडलेल्या रंगाच्या बाटल्या, आणि पलंगाखाली गाठोडं बांधून कोंबलेली गोकुळाची लुगडी.

"आज नको," ती घाईनं म्हणाली. "उद्या या, बाई. खोली झाडून काढाची हाय."

"पागल झाली का वं?" गोकुळा हसली. पोतं डोक्यावर घेऊन, बांबूखालून वाकून ती अलीकडे आलीसुद्धा. "मी झाडतो ना. मी का पाहुनी हाव? मायीच तं खोली हाय."