सगळी कामं बाजूला ठेवून

माइक बबनच्या हातात होता आणि आता त्याला आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. "आपली सगळी कामं बाजूला ठेवून आपल्या वॉर्डाचे लाडके नगरसेवक भूपेशदादा मांडवात आलेले आहेत," त्याने तिसऱ्यांदा सांगितलं. नवरदेवाचा मामाच तो, त्याला कोण बोलणार! नवरदेवाचा बाप आनंदा तर हे ऐकून नुसता फुलून गेला होता. पोराच्या हळदीला, तेही भरदुपारच्या जेवणाला, नगरसेवक आला. सोनिवलीत आता मान वर करून फिरायला हरकत नव्हती.

आधीचे नगरसेवक अण्णा कधी कुणाच्या मांडवात दिसलेच नाहीत. बघावं तेव्हा पालिकेत, इंजिनियरशी वाद घालत बसलेले. माणूस सरळ होता, पण हळदीला येत नाही म्हणजे काय? आनंदाने घरोघरी फिरून त्यांना पाडलं. भूपेशदादा मात्र बारसं म्हणू नका, दहावं म्हणू नका, काही चुकवत नाही.

आनंदाच्या जिवाला एकच घोर होता. पालिकेच्या नव्या रस्त्यात त्याचं घर जात होतं. उद्या सून माप ओलांडून जिथे येणार, तेच घर. विषय पालिकेच्या सभेत मंजुरीला यायचा होता. वॉर्डाच्या नगरसेवकाने उठून हरकत घेतली, तर रस्ता मागच्या पडीक जागेतून वळणार होता. कुणीच उठलं नाही तर सगळे 'मंजूर, मंजूर' म्हणत बाकं वाजवणार आणि पुढच्या विषयाकडे वळणार. भूपेशने शब्द दिला होता, उठतो म्हणून.

भात वाढता वाढता आनंदाने हळूच विचारलं, आपल्या रस्त्याची मिटिंग कधी आहे?

"आजच हाय ना काका," भूपेश म्हणाला. "आता चालूच असंल."

तेवढ्यात भूपेशचा फोन वाजला. त्याने ऐकून घेतलं, फोन पालथा ठेवला आणि वर न बघता म्हणाला, "मंजूर झाला. कुनी उठलाच नाही."

आनंदाने भाताचं पातेलं खाली ठेवलं. मग तुम्ही इथे कसे, त्याने विचारलं.

"मी बोल्लेलो तुमाला, त्या दिवशी मिटिंग हाय. तुमीच बोल्लात, मिटिंगा रोजच्याच, माज्या पोराची हलद एकदाच हाय. नाय आलो तं तुमचा पन अण्णा करीन, बोल्लात."

आनंदा तसं बोलला होता खरा. मिटिंग कसली, ते मात्र त्याने विचारलंच नव्हतं.

दारातून त्याची बायको विठा हाक मारत होती, दादांबरोबर घरासमोर फोटो काढायचा म्हणून. आनंदाला घराकडे बघवेना. बबनने माइकवर फुंकर मारली आणि पुन्हा सुरुवात केली, "आपली सगळी कामं बाजूला ठेवून..."