बहात्तर तासांच्या आत

विहिरीवरची पाण्याची मोटार बंद करायला गेलेली शुभांगी ओल्या फरशीवर घसरली, तेव्हा तिला सातवा महिना चालू होता. नाथानं पिकअपमधले झेंडूचे क्रेट बांधावरच उतरवले, पुढच्या सीटवर गोधडी अंथरली आणि मखमलाबादहून खड्डे चुकवत चुकवत तिला दवाखान्यात आणलं.

डॉक्टर इंदिराबाईंनी सोनोग्राफी केली. "बाळ छान आहे. ऐका ठोके."

शुभांगीच्या चपला छातीशी धरून नाथा ऐकत राहिला. "लय घाईत हाये गडी."

"गडी कशावरून?" शुभांगी म्हणाली.

"मग पोरगी असंल. आईवर गेलेली."

डॉक्टर हसल्या. मग रिपोर्ट उलटत म्हणाल्या, "पण थोडं रक्त गेलंय. शुभांगी, तुझा ग्रुप ओ निगेटिव्ह आहे. बाळ पॉझिटिव्ह असलं, तर अशा पडण्यानं त्याचं रक्त तुझ्या रक्तात मिसळू शकतं. मग तुझंच शरीर ते परकं समजून त्याच्याशी लढायला लागतं. त्रास या बाळाला होऊ शकतो, पुढच्याला तर जास्तच. ते होऊ नये म्हणून बहात्तर तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं."

"द्या मग," शुभांगी लगेच म्हणाली.

"थांब जरा. नवराही निगेटिव्ह असला, तर बाळ निगेटिव्हच असतं. मग उगाच कशाला टोचायचं? नाथा, तुमचं रक्त तपासून घेऊ. पाच मिनिटांचं काम."

"असू द्या ना मॅडम. मला टोचलं तरी चालंल." शुभांगीनं चादर मुठीत घट्ट धरली होती.

"तपासायचं कशाला?" नाथा म्हणाला. "माझा ए पॉझिटिव्ह हाये."

"नक्की?"

"नक्की. शाळेत तपासला व्हता."

इंजेक्शन देऊन सिस्टर बाहेर गेली. शुभांगीचे डोळे भरून आले.

"दुखलं का?"

"नाय."

"मग रडती कशाला? रडायला मी पाहिजे. गाडी चालवताना दोनदा गियर चुकला माझा."

ती रडता रडताच हसली. "अहो, मला तुम्हाला एक सांगायचं—"

"आधी झोप." त्यानं तिच्या पायांवर पांघरूण सरकवलं. तिचा श्वास संथ होईपर्यंत तो तिच्या पोटावर हात ठेवून बसला. मग चपला कॉटखाली ठेवून बाहेर बाकावर आला.

रक्तपेढीतला सुनील बर्फाची पेटी घेऊन पलीकडच्या वॉर्डातून येत होता. नाथाला पाहून तो थबकला.

"नाथाभाऊ, तुम्ही इथं? बरं झालं भेटलात! पुढच्या आठवड्यात रक्त द्यायला याच. ए निगेटिव्हवाला तुमच्यासारखा हक्काचा माणूस आमच्याकडं दुसरा नाय."

नाथानं उठून शुभांगीच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

"हळू बोल, सुनील. ती झोपलीये."