कमरेचा एक्स-रे

प्रणोतीचा अभ्यास कृष्णविवरांचा. विवरात पडता पडता वायू तापतो, त्यातून एक्स-रे निघतात. ते कधी भडकतात, कधी मंदावतात, ते बदल टिपणं हे तिचं काम. पण ती बंगळूरहून अधारतालच्या घरी आली रे आली, की अख्खी गल्ली गुडघ्यांचे, छातीचे एक्स-रे घेऊन दारात हजर! बाबा हौसेनं सगळ्यांना आल्याचा चहा पाजायचे आणि ही आतल्या आत जळायची, या अडाण्यांना कधी अक्कल येणार?

बाबा गेले. घर विकायचं म्हणून ती शेवटची आली, तर शेजारच्या बेबीताई कमरेचा एक्स-रे घेऊन उभ्या.

"अहो, मी डॉक्टर नाही! किती वर्षं सांगून राहिली मी!" प्रणोती ओरडलीच.

"काहून चिडते बाई? ते तर आम्हाला पहिल्यापासून माहीत आहे ना." बेबीताई उंबऱ्यातच थांबल्या. "तुझे बाबाच म्हणत, 'काही तरी घेऊन येत जा जी. पोरगी घरी येते अन् खोलीत त्या विवरांचीच चमक पाहत बसते. तुम्ही आले, की तेवढी बाहेर येते. मलाही दिसते.'"